जुन्या प्रवासी बॅगा आणि ट्रंका यांचा घरात कल्पक उपयोग कसा करता येईल?

चाक मोडलेली कापडी ट्रॉली बॅग, कडक कवचाची सुटकेस आणि पत्र्याची ट्रंक घरात पडून आहेत, त्या टाकून न देता काय करता येईल, असे आपण विचारले आहे. चाक तुटले किंवा दांडा अडकला की बॅग प्रवासातून बाद होते, पण झाकणाची पेटी म्हणून ती बहुधा ठणठणीत असते. म्हणून काय बिघडले आणि काय शाबूत आहे हे पाहूनच उपयोग ठरवावा.

आतून तपासणी मात्र आधी करावी. कुबट वास असेल तर बॅग उघडी ठेवून ऊन द्यावे आणि रात्रभर वाटीत खाण्याचा सोडा ठेवावा. अस्तर हाताला चिकट लागत असेल किंवा त्याचे पापुद्रे सुटत असतील, तर आतला पॉलियुरेथेनचा लेप दमटपणामुळे विरत चालला आहे असे समजावे. तो पुसून सुधारत नाही. अस्तर काढून टाकणे हाच उपाय.

तिघींत सर्वांत कामाची ट्रंक. मी आमच्या ट्रंकेचे बसायचे बाक केले आहे. गंज पॉलिश पेपरने घासून काढला, त्यावर रेड ऑक्साईडचा हात दिला आणि तो पूर्ण वाळल्यावर ऑइल पेंट लावला. तळाच्या कडेला पत्रा दुमडलेला असतो, तिथे पाणी मुरून गंज आतून वाढतो, त्यामुळे ती घडी ब्रशच्या टोकाने नीट भरून घ्यावी लागते. झाकणाचा पत्रा माणसाच्या वजनाने दबतो, म्हणून वर प्लायवूडची फळी स्क्रूने बसवून तिच्यावर गादी ठेवली. आत जादा पांघरुणे राहतात. घरात लहान मूल असेल तर बाहेरची कडी काढून टाकावी आणि झाकण धाडकन पडू नये म्हणून आधार देणारी पट्टी लावावी. लपंडावात मूल आत शिरून कडी लागण्याचा धोका खरा आहे.

कडक सुटकेसचे दोन्ही भाग अनेकदा कापडी पट्टीने जोडलेले असतात. ती पट्टी कापली की दोन उथळ ट्रे मिळतात. केबिन बॅग असेल तर प्रत्येकाची खोली साधारण १० सेंटिमीटर भरते, आणि पलंगाखाली चपला, खेळणी किंवा शिवणकामाचे साहित्य ठेवायला तेवढी पुरते. भिंतीवर कपाट म्हणून लावायचे असेल तर कवच पातळ असल्यामुळे स्क्रू फाटून बाहेर येतो. आतून लाकडी पट्टी ठेवून तिच्यातून स्क्रू न्यावा आणि वर हलकेच सामान ठेवावे.

सुटकेसमध्ये रोपे लावलेली छायाचित्रे सगळीकडे दिसतात. मला ती कल्पना तितकीशी पटत नाही. ओल्या मातीचे वजन लिटरला दीड किलोच्या आसपास जाते, म्हणजे २० लिटर मातीने बॅग सुमारे ३० किलोंची होते, शिवाय उन्हात बरेच प्लास्टिक काही काळाने ठिसूळ होते. हौस असेलच तर तळाला भोके पाडून, सावलीच्या जागी, आत कुंड्याच ठेवाव्यात.

कापडी ट्रॉलीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. चेन चालत असेल तर तीत ऋतूबाहेरचे कपडे भरावेत. आडवी ठेवताना बाजूची मूठ बाहेरच्या अंगाला ठेवली की ओढायला सोपे जाते, कारण झोपवलेल्या बॅगेची चाके जमिनीला लागत नाहीत. कापडच विरले असेल तर अस्तरातली चेन उघडून पाहावी, पुष्कळ बॅगांत दांड्याचे आणि चाकांचे स्क्रू तिथेच सापडतात. दांडा नीट सरकत असेल आणि मोडलेल्या चाकाच्या जागी तशाच मापाचे दुसरे मिळाले, तर हे सगळे जाड फळीला जोडून जड कुंड्या हलवायची छोटी गाडी तयार होते.