बाकावरचा दुसरा माणूस
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघाबरोबर सहायक प्रशिक्षक म्हणून काम करणाऱ्यांची, करू पाहणाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रे नाशिक परिसरातून आली. त्यातली निवडक पत्रे थोडी आटोपशीर करून, उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : बी.कॉम. झालो. तीन वर्षं कॉलेजकडून लिफ्टर, म्हणजे स्मॅशरला बॉल उचलून देणारा, म्हणून खेळलो, एकदा विद्यापीठ संघातही होतो. आता सर म्हणतात, यंदापासून सहायक प्रशिक्षक म्हणून ये. घरचे विचारतात, पगार किती आणि पुढे काय? काय सांगू? – एक वाचक, सिडको

उत्तर : घरच्यांचं विचारणं रास्त आहे. आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत ‘सहायक प्रशिक्षक’ हे मंजूर पद नसतंच. पद असतं ते शारीरिक शिक्षण संचालकाचं. तुम्हाला मिळेल ते मानधन, बहुधा जिमखान्याच्या खर्चातून आणि हंगामापुरतं. हंगाम म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग पुणे विद्यापीठाच्या आंतरविभागीय स्पर्धेसाठी नाशिक विभागाचा संघ, आणि तुमची मुलं विद्यापीठ संघात निवडली गेली तर पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धा. ती संपली की पुढचे काही महिने मैदानावर तुम्ही आणि कुत्री.

म्हणून हो म्हणा, पण दोन गोष्टी करून. पहिली, चार ओळींचं पत्र मागा : कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती दिवस, मानधन किती आणि कधी, बाहेरगावी गेल्यावर प्रवासभत्ता कोण देणार. हंगाम संपला की त्याच आठवड्यात अनुभवाचं प्रमाणपत्र घ्या. त्यात संघ मुलांचा की मुलींचा, कोणतं वर्ष आणि स्पर्धा कोणत्या, हे स्पष्ट हवं. ‘यांनी चांगले सहकार्य केले’ अशा प्रमाणपत्राला पुढे कुणी विचारत नाही.

दुसरी, पात्रतेच्या कागदाला लागा. वाटा मुख्यतः तीन. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं असेल तर बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी. तिच्या प्रवेशाला आधीची पदवी कोणत्याही शाखेची चालते, खेळातला सहभाग मात्र दाखवावा लागतो, तेव्हा खेळाडू म्हणून मिळालेली सगळी मूळ प्रमाणपत्रं जपा. कॉलेजात संचालक व्हायचं असेल तर त्याच विषयातल्या एम.पी.एड.ला ५५ टक्के आणि वर ‘नेट’ किंवा ‘सेट’ ही पात्रता परीक्षा. शिवाय यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांत धावण्या-चालण्याची चाचणी आहे : तिशीपर्यंतच्या पुरुषांना १२ मिनिटांत १८०० मीटर, स्त्रियांना ८ मिनिटांत १००० मीटर. अंतर फार नाही, पण अभ्यासाच्या नादात दोन वर्षं खुर्चीत काढलेल्याला ते जड जातं. तिसरी वाट निव्वळ प्रशिक्षकाची : पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची, म्हणजे सगळे ज्याला ‘एनआयएस’ म्हणतात ती, एक वर्षाची पदविका. वर्षभर घर सोडणं जमत नसेल तर सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतो, पण दोन्हींचं वजन सारखं धरलं जात नाही.

पोटापाण्याचं म्हणाल तर सकाळी शाळेचा संघ, संध्याकाळी कॉलेज, मे महिन्यात उन्हाळी शिबिर, असं जोडूनच बहुतेकांचं भागतं. पंच परीक्षाही द्या. स्पर्धांच्या दिवसांत चार पैसे मिळतात आणि नियम तोंडपाठ होतात. आमचं मत असं की दोन हंगाम मानधनावर काढायला हरकत नाही. तिसऱ्या हंगामाच्या आत मात्र यांपैकी एका अभ्यासक्रमाला नाव घातलेलं असावं.

प्रश्न : सामना चालू असताना मी टाइमआउट मागितला तर पंचांनी तो नाकारला, वर पुन्हा मागाल तर दंड बसेल असं कॅप्टनला सांगितलं. सहायकाला काहीच अधिकार नसतो का? – सातपूर

उत्तर : पंचांचं बरोबर होतं. मुख्य प्रशिक्षक बाकावर असताना सहायकाला सामन्यात हस्तक्षेपाचा अधिकार नाही. टाइमआउट, सेटला दोन, प्रत्येकी ३० सेकंदांचे, मागायचे ते मुख्य प्रशिक्षकानं. अधिकार नसलेल्यानं मागितला तर ती अयोग्य विनंती ठरते. पहिली नुसती नाकारतात आणि स्कोअरशीटवर नोंदवतात. त्याच सामन्यात दुसरी केलीत की तो विलंब धरला जातो आणि संघाला ताकीद मिळते. त्यानंतरच्या विलंबाला समोरच्या संघाला गुण आणि सर्व्हिस. मुख्य प्रशिक्षकाला उठून जावं लागलं, तर कॅप्टननं तसं पंचांना सांगायचं. पंचांनी ते मान्य केलं की त्याच्या जागी तुम्ही.

बाकावर बसून खेळाडूला दोन शब्द सांगायला कुणी अडवत नाही, उभं राहून ओरडायला अडवतात. सहायकाचं खरं काम सेट सुरू होण्याआधीच्या मिनिटात आहे : लाइनअपची, म्हणजे कोणता खेळाडू कोणत्या जागी उभा राहणार याची, पंचांना द्यायची चिठ्ठी. मुख्य प्रशिक्षकानं लिहिलेले सहा नंबर तुम्ही जर्सीवरच्या नंबरांशी ताडून पाहा, मगच चिठ्ठी जाऊ द्या. एकदा दिली की बदल फक्त अधिकृत बदली खेळाडू घेऊनच, आणि सेटला बदल्या सहाच. चिठ्ठीत ७ च्या जागी १ वाचला गेला म्हणून पहिल्या गुणाआधीच एक बदली खर्ची पडल्याचं दिसतं. आकडे मोठे काढा आणि १ ला वर शेपूट देऊ नका.

प्रश्न : मुख्य प्रशिक्षक म्हणतात, तू बसून नोंदी ठेव. मी गुण लिहितो, पण ते तर स्कोअरशीटवर असतातच. नेमकं काय लिहायचं? – नाशिकरोड

उत्तर : गुण लिहू नका. सर्व्हिस कोणी कशी घेतली ते लिहा, कॉलेजच्या पातळीवर सामने तिथेच फिरतात. शंभर पानी वही आडवी धरा. रिसीव्ह करणाऱ्या प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे दर वेळी एकच आकडा : लिफ्टरला जागेवरून न हलता तिन्ही बाजूंना लिफ्ट देता आली तर ३, दोन-तीन पावलं जाऊन देता आली तर २, कसाबसा उंच बॉल उचलून एकाच स्मॅशरला देता आला तर १, बॉल वायाच गेला तर ०. समजा एकीनं २० सर्व्हिस घेतल्या : ३ सात वेळा, २ सहा वेळा, १ चार वेळा, ० तीन वेळा. बेरीज ३७, भागिले २०, म्हणजे १.८५. दोनच्या खाली सरासरी गेली की लिफ्टरच्या हातात निवड उरत नाही आणि समोरचा ब्लॉक, म्हणजे नेटवर स्मॅश अडवणारे, आरामात एका जागी जमतो.

स्मॅशसाठी तीनच खुणा : गुण, चूक, बाकी. ३० प्रयत्नांत १२ गुण आणि ६ चुका असतील तर १२ वजा ६, भागिले ३०, म्हणजे ०.२००. टाळ्या त्या १२ ना पडतात. सहा चुका वहीतच राहतात, म्हणून वही लागते.

आणि सगळ्यात उपयोगाचं पान रोटेशनचं, म्हणजे खेळाडू एकेक जागा फिरत जातात त्याचं. आपला लिफ्टर कितव्या जागी आहे यावरून सहा रकाने आखा आणि प्रत्येकात मिळवलेले, गमावलेले गुण काड्यांनी मांडा. दोन-तीन सामन्यांत चित्र दिसतं : पाच रकाने बरोबरीत आणि एकात, समजा लिफ्टर ४ नंबरला असताना, मिळवले २, गमावले ७. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. लिफ्टर पुढच्या ओळीत असला की तिथे स्मॅशर दोनच उरतात. त्यात ४ नंबर म्हणजे डावा कोपरा (पुढची ओळ डावीकडून ४, ३, २ आणि ४ च्या मागे ५), रिसीव्ह होताच त्याला नेटच्या मधोमध, २ आणि ३ च्या दरम्यान धावत यायचं असतं. बॉल लवकर आला की तो वाटेतच. उपाय : ३ आणि २ नंबरच्या खेळाडूंना उजवीकडे सरकवा. लिफ्टर ३ च्या डावीकडे आणि ५ च्या पुढे असला की नियमात बसतो, मग तो नेटजवळ मधोमध आधीच उभा राहू शकतो. मात्र हे सरावात शंभरदा करून घ्या. समोरच्याची सर्व्हिस सुटण्याआधी लिफ्टर ३ च्या उजवीकडे गेला तर फाऊल आणि गुण फुकट.

नोंद चार जणांची नको, एकाचीच ठेवा, नाहीतर एकाचा २ दुसऱ्याचा ३ होतो. आणि ती टाइमआउटमध्ये वाचून दाखवू नका. ३० सेकंदांत खेळाडूच्या कानात एक वाक्य शिरतं : ‘पाच नंबरवर सर्व्हिस टाका, ती मागे सरकत नाही.’

प्रश्न : आमचं मैदान मातीचं. सामन्याच्या दिवशी नेटची उंची बरोबर लावतो, तरी तासाभरात नेट खाली येतं. मुलींचे हात लाल होतात, दोघींचे गुडघे दुखतात. – निफाड

उत्तर : उंची बहुधा खांबाजवळ मोजता. ती मोजायची मैदानाच्या मध्यावर : मुली २.२४ मीटर, मुलं २.४३. दोन्ही बाजूंच्या रेषांवर ती सारखी हवी आणि ठरलेल्या उंचीपेक्षा २ सेंटिमीटरहून जास्त नको. नेट उतरतं कारण वरून सुताची दोरी असते, ती ताणते, आणि मातीतले खांब आत झुकतात. वर तारेचा केबल घाला, खालची दोरीही तितकीच ताणा आणि प्रत्येक सेटआधी काठीनं मधली उंची बघा. त्या काठीवर २.२४ आणि २.४३ अशा दोन पक्क्या खुणा करून ठेवल्या की टेप शोधत बसावं लागत नाही.

हात लाल होतात ते बॉल दगडासारखा फुगवल्यामुळे. हवेचा दाब ०.३० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर हवा. पंपावरचा काटा पीएसआयमध्ये असेल तर साधारण ४.३ ते ४.६. सायकलच्या दुकानात अंदाजानं भरून आणू नका. रेषांना फक्की मारताना कळीचा चुना वापरू नका, पडणाऱ्या खेळाडूच्या डोळ्यात तो जातो. संगमरवरी भुकटी चालते.

गुडघ्याचं मात्र मनावर घ्या. वाटीच्या खालच्या टोकाशी दाबल्यावर दुखत असेल तर तो बहुधा उड्यांचा ताण आहे. स्मॅश, ब्लॉक, जंप सर्व्हिस मिळून दिवसाला किती उड्या होतात, एकदा मोजा. आकडा ऐकून तुम्हीच दचकाल. स्पर्धेआधीच्या आठवड्यात अचानक दुप्पट सराव हे नेहमीचं कारण. उड्यांचा सराव दिवसाआड ठेवा, मधल्या दिवशी रिसीव्ह आणि सर्व्हिस. उतरताना दोन्ही पाय एकदम टेकतात का, बघा. दुखणं दोन आठवडे राहिलं तर डॉक्टर. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या सकाळी बोचऱ्या असतात, तेव्हा पहिली उडी घामाचा पहिला थेंब आल्यावरच.

निफाड, दिंडोरीकडच्या मुलांबद्दल जाता जाता : शूटिंगबॉल खेळून आलेला मुलगा ताकदीला उत्तम असतो, पण मुठी जोडून बॉल मारायची सवय हातात बसलेली असते. त्याला पहिले तीन आठवडे भिंतीवर बोटांचा पास द्या, नेटवर घेऊ नका. घाई केली तर सामन्यात दडपण आलं की मुठी परत जुळतात.

प्रश्न : मुलीला या क्षेत्रात पाठवावं का? बाहेरगावी फिरावं लागेल म्हणून आईचा नकार आहे. – सिन्नर

उत्तर : मुलींच्या संघाबरोबर बाहेरगावी बाई माणूस लागतंच, आणि खेळ कळणारी बाई पटकन सापडत नाही. म्हणून सुरुवातीला काम मिळणं तिला मुलांपेक्षा सोपं जाईल. फिरणं आहे, ते लपवू नका. मुक्कामाची जागा, गाडीची वेळ आणि सोबत कोण, हे निघण्याआधी लेखी घ्यायची सवय तिला लावा. आईचा बराचसा प्रश्न तिथेच सुटतो.

प्रश्न : अमेरिकेत कॉलेजचे सहायक प्रशिक्षक पूर्णवेळ पगारावर असतात म्हणे. तिकडे जाता येईल? – गंगापूर रोड

उत्तर : मोठ्या विद्यापीठांत असतात. तिकडे महिलांचा खेळ मोठा, हंगाम ऑगस्ट ते डिसेंबर. सहायकाचा बराच वेळ शाळांतले खेळाडू हेरण्यात आणि व्हिडिओ कापण्यात जातो. नवख्यासाठी दार म्हणजे ‘ग्रॅज्युएट असिस्टंट’ : एम.ए. किंवा एम.एस. करता करता संघाचं काम, बदल्यात फी माफी आणि थोडा भत्ता. या जागा थोड्या. विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, तेव्हा भत्त्यावर घर चालेल असं धरू नका. अर्जाबरोबर भाषणवजा पत्रापेक्षा स्वतः नोंदवलेल्या दोन सामन्यांचे आकडे आणि व्हिडिओ जोडा. सामन्याचे आकडे नोंदवायचं ‘डेटा व्हॉली’ हे सॉफ्टवेअर येत असेल तर तसं पहिल्याच ओळीत लिहा. नियमही वेगळे वाचून जा : तिथल्या महिला सामन्यांत एका सेटला १५ बदल्या चालतात, त्यामुळे आपल्या सहा बदल्यांचा हिशेब तिथे लागू पडत नाही.