वेचणीच्या दिवसांतली अंगणवाडी

अगं पोरी, तू नवी अंगणवाडी सेविका; रजिस्टरं आणि पोषण ट्रॅकरचं मोबाइल ॲप महिन्याभरात तुझ्या अंगवळणी पडतील. हजेरी तेवढी रोजची रोज भर. खरी कसोटी कापूस वेचणीत. आया उजाडताच वावरात जातात, लेकरं त्यांच्यामागं धुऱ्यावर. तेव्हा मदतनीसबाईंना घेऊन सकाळीच घरोघर फिर. त्यांच्याशी 'तुम्ही'नंच बोल, गावातली प्रत्येक चूल त्यांना ठाऊक असते.

वजन घेताना आधी काटा शून्यावर आण, लेकराचं स्वेटर उतरव. सहा महिन्यांवरच्या लेकराचा दंडघेर, म्हणजे दंडाचा घेर, ११.५ सेंटिमीटरच्या खाली दिसला, तर ते तीव्र कुपोषण समज, पर्यवेक्षिका येईपर्यंत थांबू नको. त्याच दिवशी आशाताईला सांग, आरोग्य केंद्रात पाठव. माझ्याकडून एकदा दोन दिवस उशीर झाला होता. ते लेकरू वाचलं, पण त्याचा तो काडीसारखा दंड अजून डोळ्यांसमोर येतो.