आवक क्रमांक

बाय, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ‘लॉबिंगवर बंदीच हवी’ हे तुझं वाक्य वाचून हसलो. लॉबिंग म्हणजे सरकारी निर्णय आपल्या बाजूनं वळवायला केलेली खटपट. गेल्या महिन्यात तू पारंपरिक मच्छीमारांचं निवेदन घेऊन मंत्रालयात गेलीस, ते दुसरं काय होतं? मोठ्या घेरजाळ्यानं मासळी पकडणारे पर्ससीनवाले जातात, आपणही जातो. त्यांना आत चहा मिळतो, आपल्याला बाहेरचा बाक, एवढंच.

आपल्या गुहागर तालुक्यातलं एन्रॉन, म्हणजे त्या अमेरिकी कंपनीचा दाभोळ वीजप्रकल्प, तुझ्या जन्माआधीचं. 1992 च्या जूनमध्ये सामंजस्य करार झाला. पुढच्या वर्षी जागतिक बँकेनं हा प्रकल्प परवडणारा नाही म्हणून कर्ज नाकारलं, तरी वर्षअखेर वीजखरेदी करार झालाच. मग 1995 मध्ये कंपनीच्या एक उपाध्यक्षा अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगून आल्या, की भारतातल्या लोकांच्या ‘शिक्षणावर’ आणि प्रकल्पाच्या पूर्वतयारीवर आम्ही सुमारे 2 कोटी डॉलर खर्च केले. शिक्षण म्हणे! कुणाला काय शिकवलं, ते विचारायला वेलदूर-अंजनवेलच्या माणसाकडे कागद नव्हता. जे कळलं ते तिकडच्या नोंदीतून.

त्याच साली अमेरिकेनं कायदा केला: कोण कुणासाठी लॉबिंग करतं, त्यावर किती खर्च होतो, ते नोंदवायचं. त्यानं तिकडचं लॉबिंग थांबलं नाही, पण वही तरी उघडी राहिली. आपल्याकडे तसा कायदाच नाही. म्हणून बंदी मागण्यापेक्षा वही माग.

आणि मोर्च्याआधी मसुदा वाच. पर्यावरणाच्या केंद्रीय अधिसूचनेचा मसुदा निघाला की हरकतींना सहसा 60 दिवस असतात. मोठे लोक त्या दिवसांत, किंवा त्याही आधी, एखादा शब्द बदलून घेतात. आपण जागे होतो ते अंतिम राजपत्र निघाल्यावर. पर्ससीनवर निर्बंध घालणारा 5 फेब्रुवारी 2016 चा आदेश मिळाला खरा, पण आदेशानंतरही खेटे घालणारे असतात, हे विसरू नको.

आम्ही एकदा निवेदन दिलं, हार घातला, फोटो काढला आणि एस.टी.नं परत आलो. वर्षभरानं चौकशी केली तर त्या कार्यालयात कागदच नाही. आमच्याकडे फोटो होता, आवक क्रमांक नव्हता. तेव्हापासून शिक्का मारलेली पोच हातात पडल्याशिवाय मी उठत नाही. शिपाई वैतागतो. वैतागू दे.

त्यानंतर माहिती अधिकारात फाइलीवरचे शेरे माग. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा, तेव्हा तुझं ते पल्हाळ आवर. दुसऱ्या बाजूची निवेदनं कधी आली, कुणी दिली, तेही विचार.

तुझ्या निवेदनाची प्रत वाचली, चांगली आहे. फक्त मुंबईला नेलेल्या दोन गाड्यांचं भाडं कुणी दिलं, ते तू कुठंच लिहिलं नाहीस. तेवढं उलटटपाली कळव.

तुझा,
काका