२३ दिवसांचं सरकार आणि आपले यशवंतराव

प्रश्न : माझी मुलगी एमपीएससीचा अभ्यास करते. परवा तिने विचारलं की चरणसिंगांनी लोकसभेत बहुमत दाखवलंच नाही तर ते पंतप्रधान झाले कसे, आणि यशवंतराव चव्हाण त्या सरकारात कसे गेले? मला फक्त आठवतं की त्यावरून वडील आणि काका दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. जरा नीट सांगाल का?
— एक वाचक भगिनी, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, तुमच्या घरचा तो अबोला मला अगदी कळतो. आमच्या पंचवटीतल्या घरी आजोबा रेडिओला कान लावून बसायचे, बातम्या संपल्या तरी बटण बंद करायला त्यांचा हात जात नव्हता. नाशिकला यशवंतराव म्हणजे घरचा माणूस हो, चीन युद्धाच्या वेळी ते दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले तेव्हा लोकसभेवर निवडून गेले ते आपल्या नाशिकमधून, तेही बिनविरोध. साताऱ्याचे खासदार ते नंतर झाले.

तर झालं असं की जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाईंच्या जनता सरकारवर अविश्वास ठराव आणला तो यशवंतरावांनीच, विरोधी पक्षनेते होते ते. जनता पक्षातले खासदार भराभर बाहेर पडायला लागले, पक्षांतरबंदी कायदा तेव्हा नव्हताच, तो आला १९८५ ला, त्यामुळे अडवणार कोण? मतदानाआधीच १५ जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डींनी आधी यशवंतरावांना विचारलं, त्यांना आकडा जमेना, शेवटी चरणसिंग पुढे आले, इंदिरा काँग्रेसने बाहेरून पाठिंबा दिला आणि २८ जुलैला शपथविधी झाला. यशवंतराव उपपंतप्रधान आणि गृहमंत्री.

आता मुलीचा मुद्दा. शपथेआधी बहुमत दाखवा असं घटनेत कुठेच नाही. कलम ७५(३) म्हणतं की मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं. म्हणजे पाठिंब्यावर शपथ घेता येते, पण नंतर सभागृहासमोर उभं राहावं लागतं. २० ऑगस्टला विश्वासदर्शक ठराव यायचा होता, त्याच्या तोंडावर इंदिरा काँग्रेसने पाठिंबा काढला आणि चरणसिंगांनी सभागृहात न जाताच राजीनामा दिला. २३ दिवस!

मला याचंच वाईट वाटतं, आजही. हरले असते तरी चाललं असतं, पण कुणी का पाठिंबा काढला, आपण कुणाच्या भरवशावर बसलो होतो, हे लोकसभेत उभं राहून बोलायला हवं होतं. वाजपेयींचं १९९६ चं सरकार १३ दिवसांचंच, बहुमत त्यांच्याकडेही नव्हतं, मतदानाआधी राजीनामा त्यांनीही दिला, पण २७ आणि २८ मेला सभागृहात चर्चा झाली आणि लोकांनी ती घरी टीव्हीवर पाहिली. ज्याने अविश्वास ठराव आणून एक सरकार हलवलं त्या यशवंतरावांच्या वाट्याला स्वतःच्या सरकारची बाजू मांडायला एक दिवससुद्धा आला नाही. आजोबांना हे फार लागलं होतं.

प्रश्न : अल्पमतातलं सरकार पडतंच का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : नाही हो. नरसिंह राव १९९१ ला अल्पमतातच आले आणि ५ वर्षं पूर्ण केली. जुलै १९९३ चा अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ ने फेटाळला गेला, त्यातल्या काही मतांसाठी पैसे दिल्याचं प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं ते वेगळं.

आणि सिडकोच्या ताई, एक राहिलंच. चरणसिंगांनी २० ऑगस्टला राजीनामा दिला, २२ ला लोकसभा विसर्जित झाली, पण निवडणूक होऊन इंदिराजी येईपर्यंत, म्हणजे १४ जानेवारी १९८० पर्यंत, ते काळजीवाहू पंतप्रधान होतेच. मुलीला या दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहून ठेवायला सांगा, पेपरात पोरांचा गोंधळ इथेच होतो.