तक्रार त्याच्याकडेच कर

प्रिय बाळा,

सप्रेम सलाम.

उपासना सुटल्यावर तू म्हणालीस, "प्रार्थनेला बसलं की तोंडातून भांडणच निघतं, म्हणून आता बसतच नाही." तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. आईच्या डायलिसिसचं दुसरं वर्ष, घरात कमावती तू एकटी. भांडण निघणारच. मग भांड. पण देवाशीच भांड. तक्रार त्याच्याबद्दल दुसऱ्याजवळ करत बसू नको आणि गिळूनही टाकू नको.

बायबलातलं ईयोबाचं पुस्तक पुन्हा काढ, सगळं गमावून बसलेल्या त्या माणसाचं. या वेळी फक्त कोण कोणाशी बोलतंय एवढंच बघ. ते तीन मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढंच त्यांचं बरोबर होतं. बोलायला लागल्यावर ते देवाबद्दल पुष्कळ बोलले, पण देवाशी एकदाही नाही. ईयोब मात्र जन्मदिवसाला शाप देतो आणि मध्येच वळून थेट देवालाच विचारतो, मला का सोडत नाहीस? शेवटी, ४२व्या अध्यायात, देव रागावतो तो त्या मित्रांवर. ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला, असं तो म्हणतो. तुझ्या घरी येऊन "विश्वास कमी पडला असेल" असं सांगून गेलेल्यांना हा अध्याय माहीत नाही असं नाही. पण दुखणाइताच्या घरात काहीतरी बोलायलाच हवं, असं आपल्या मंडळ्यांत सगळ्यांना वाटतं. मीही हे पुष्कळ वर्षं केलं. त्याचं मला वाईट वाटतं.

आता काय करायचं ते सांगते. बायबलातलंच १३वं स्तोत्र घे. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत तक्रार, त्यात "कोठवर" हा एकच प्रश्न चार वेळा. पुढच्या दोनांत मागणं. शेवटच्या दोनांत भरवसा. याच मापानं तुझं स्वतःचं स्तोत्र वहीत लिही. तक्रारीच्या दोन ओळी अगदी नेमक्या हव्यात. "प्रभू, खूप दुःख आहे" असं मोघम लिहू नको. सुई टोचताना आईचा हात कसा थरथरतो, या महिन्याचं भाडं कुठून आणायचं, तेच लिही. मागणंही तसंच, आजच्या दिवसापुरतं. आणि भरवसा येत नसेल तर ती जागा कोरी ठेव. लोक चुकतात ते इथंच. तक्रार पुरी व्हायच्या आत पाचव्या वचनावर उडी मारतात. त्यांची स्तुती मग ओठांवर राहते आणि आतलं भांडण कुजतं.

कोरी जागा पापाची वाटली तर ८८वं स्तोत्र वाच. १८ वचनं, आणि शेवट अंधारात. भरवशाची ओळ कुठंच येत नाही. तरी तो माणूस पहिल्या वचनात रात्रंदिवस, नवव्यात रोज, तेराव्यात पहाटे त्यालाच हाक मारतो. पवित्र शास्त्रानं हे गाळलं नाही, मग तू का लपवतेस?

वाचायचं ते ओठ हलवून, पुटपुटत का होईना. मनातल्या मनात वाचलं की विचार पळतात. डायलिसिसचे चार तास असतात, त्यातला दुसरा तास धर. आई तेव्हा जरा डुलकी घेते. शेवटी शेवटी पायात गोळे येतात, बीपी उतरतं, तेव्हा वही मिट आणि तिच्याकडे लक्ष दे. तीही प्रार्थनाच.

एका बाबतीत मात्र मी कोणाचंही ऐकणार नाही. "विश्वासानं मशीन सोडा" असं कोणी म्हणालं तर त्याला दारातून परत पाठव. डायलिसिस चुकलं की अंगात पाणी साठतं, पोटॅशियम वाढतं, हृदय बंद पडू शकतं. आजारी हिज्कीया राजाची प्रार्थना ऐकली गेली, त्याला १५ वर्षं वाढवून मिळाली, तरी यशया संदेष्ट्यानं त्याच्या गळवावर अंजिरांची ढेप लावायला सांगितलीच. प्रेषित पौलानंही शरीरातला काटा काढण्यासाठी प्रभूला तीन वेळा विनवणी केली, आणि काटा राहिला. त्याचा विश्वास कमी होता असं म्हणायची कोणाची हिंमत आहे?

काही जण म्हणतात, ही बाई पोरांना देवाविरुद्ध कुरकुरायला शिकवते. म्हणू देत. पंडिता रमाबाईंनी आईवडील दुष्काळात गमावले, मग भाऊ, १८८२ साली नवरा, आणि १९२१ साली मनोरमा, एकुलती एक लेक. त्याच हातांनी केडगावात त्यांनी मूळ भाषांवरून शास्त्र मराठीत आणलं, त्यात ही अंधाराची स्तोत्रंही आली. गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशूनं "हा प्याला टळो" म्हटलं. वधस्तंभावर "माझा त्याग का केलास?" असं विचारलं, तेही २२व्या स्तोत्राच्या शब्दांत, आणि विचारलं ते पित्यालाच. मी याहून वेगळं काय शिकवते?

रविवारी गाणं येत नसेल तर गाऊ नको. शेवटच्या बाकावर बस, बाकीचे गातील. प्रभुभोजन मात्र चुकवू नको. तिथं काही बोलावं लागत नाही, हात पुढे केला की पुरे.

गुरुवारी आईच्या डायलिसिसची सकाळची पाळी आहे ना? वही घेऊन ये. मी नऊ वाजता येते, डबा आणते. शेजारी बसेन, काही सांगणार नाही.

तुझी,
मावशी