ओळीवरून पुस्तक ओळखण्याचा खेळ रंगत नाही, काय चुकत असेल?

तुमचा प्रश्न असा आहे: दहा-बारा वाचकांच्या गटात एकाने पुस्तकातली ओळ वाचायची आणि बाकीच्यांनी पुस्तक ओळखायचं, असा खेळ तुम्ही दोनदा घेतला. काही ओळी वाचून व्हायच्या आतच ओळखल्या गेल्या आणि उरलेल्यांवर सगळे गप्प बसले.

दोन्हींचं कारण एकच आहे. त्या ओळी फक्त आठवणीवर चालणाऱ्या होत्या. ज्याला ओळ आठवते तो तिसऱ्या शब्दाला उत्तर देतो आणि ज्याला आठवत नाही त्याला करण्यासारखं काही उरत नाही. भेंड्यांमध्ये गाणं आठवलं की झालं, पण इथे तेवढ्यावर खेळ उभा राहत नाही. पुस्तक वाचून दहा वर्षं झालेल्या माणसालाही तर्काने जवळ जाता यावं, अशी ओळ निवडायला हवी. माझ्या मते या खेळाची नव्वद टक्के मेहनत ओळ निवडण्यातच आहे.

सगळ्यात आधी सुविचार बाद करा. वहीत उतरवून ठेवाव्यात अशा ओळी या खेळाला अजिबात चालत नाहीत. आयुष्य, नाती, एकटेपणा यांवरचं सुटं वाक्य कुठल्याही पुस्तकात बसतं, त्यात धरायला काही नसतं. शिवाय व्हॉट्सॲपवर पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे यांच्या नावाने फिरणारी कितीतरी वाक्यं त्यांची नसतातच. म्हणून नियमच करा: ओळ देणाऱ्याच्या हातात पुस्तक हवं, आणि त्याच्या वहीत ओळीपुढे पुस्तक, लेखक, प्रकाशक, आवृत्तीचं साल आणि पान क्रमांक लिहिलेला हवा. वाद झाला की हीच नोंद कामाला येते.

आता चांगली ओळ कशी असते ते पाहू. पुढचं वाक्य मी नमुन्यासाठी रचलं आहे, कुठल्या पुस्तकातलं नाही: ‘त्यानें खिशांतून दोन आणे काढून कंडक्टरच्या हातांत ठेवले, आणि ट्राम वळली तरी तो दाराशींच उभा होता.’

यात काय काय सापडतं? ‘त्यानें’, ‘खिशांतून’, ‘हातांत’, ‘दाराशीं’ यांवरचे अनुस्वार उच्चारात नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने 1962 साली मान्य केले आणि हे अनुस्वार गेले. म्हणजे मजकूर बहुधा त्याआधी जुळवलेला आहे. ट्राम आहे म्हणजे शहर बहुतेक मुंबई, आणि मुंबईतली ट्राम 31 मार्च 1964 रोजी बंद झाली. दशमान नाणी 1 एप्रिल 1957 पासून आली, पण ‘चार आणे’, ‘आठ आणे’ हे शब्द त्यानंतरही कितीतरी वर्षं तोंडात राहिले, म्हणून आण्यांवर फार भिस्त ठेवू नका. ‘तो’ आहे, म्हणजे निवेदन तृतीयपुरुषी. इतकं कळल्यावर यादीतली निम्मीअधिक पुस्तकं गळतात आणि लोक आपसात बोलायला लागतात. खेळ रंगतो तो या बोलण्यात.

अनुस्वारांबद्दल दोन खबरदाऱ्या. ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांमध्ये, हे आजही बरोबर आहे, त्यामुळे अनेकवचन आधी तपासा. तसंच ‘केलें’ आणि ‘केलं’ यांत गल्लत करू नका. मात्रेवर अनुस्वार ही जुनी छपाई, नुसता अनुस्वार ही बोलण्यासारखी लिहिलेली मराठी. आणि कथेतला काळ व छपाईचा काळ एकच असेल असं नाही. ओळीत ट्राम आहे पण ‘त्याने’ अनुस्वाराशिवाय आहे, तर नंतरच्या लेखकाने मागचा काळ लिहिलाय किंवा तुमच्या हातातल्या पुनर्मुद्रणात लेखन नवं केलंय. ओळ देणाऱ्याने आपली आवृत्ती यातली कुठली आहे ते पाहूनच ओळ घ्यावी, नाहीतर तो नकळत खोटी खूण देतो.

बोलीही अशीच मोठी खूण आहे. ‘जाऊन राह्यलो’ आलं की वऱ्हाड-नागपूरकडे बघायचं, ‘खंय’, ‘इलंय’ आलं की मालवणीकडे. पण अख्खं वाक्य गडद बोलीत असेल तर कोड्यात काही उरत नाही. एक-दोन शब्द पुरेत.

नावं झाकताना मराठीत एक अडचण येते. ‘श्याम’ झाकलं तरी क्रियापद ‘म्हणाला’ की ‘म्हणाली’ ते सांगतंच, आणि ‘श्यामला’मधला ‘ला’ प्रत्ययही ठेवावा लागतो. ते बदलायला जाऊ नका, वाक्य मोडतं. नावाच्या जागी ‘अमुक’ म्हणा आणि प्रत्यय तसाच ठेवा: ‘अमुकला’, ‘अमुकने’. गावाचं नाव मात्र शक्यतो झाकू नका. नाव झाकूनही पुस्तक उघड होत असेल तर ती ओळ सोडून दुसरी घ्या.

पहिली ओळ हा मोहाचा प्रकार आहे. गाजलेल्या पुस्तकांची सुरुवात बहुतेकांना पाठ असते, म्हणून मी ती टाळा असंच सांगेन. याला एक अपवाद करण्याजोगा आहे. दासबोध सुरू होतो तोच ‘श्रोते पुसती कोण ग्रंथ । काय बोलिलें जी येथ ।’ असा. म्हणजे हा ग्रंथ कोणता, असं ग्रंथच विचारतो! नव्या गटाला खेळ समजावण्यासाठी याहून चांगली ओळ मला माहीत नाही. फक्त पहिल्या ओवीतच थांबा, कारण दुसरी ओवी ‘ग्रंथा नाम दासबोध’ असं उत्तर देऊन मोकळी होते.

जुन्या कवितेची फेरी वेगळी ठेवा, कारण तिथे छंदच अर्धं उत्तर सांगतो. ‘सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची, ओवी ज्ञानेशाची किंवा आर्या मयूरपंतांची’ हे ज्यांना पाठ आहे त्यांच्या हातात किल्लीच असते. भुजंगप्रयात ऐकला की लोक मनाचे श्लोक म्हणून मोकळे होतात. ते टाळायचं तर त्याच छंदातला दुसऱ्या कवीचा श्लोक मध्ये घाला, मग कान देऊन ऐकावं लागतं. अभंगाची ओळ देताना आणखी एक बघा: ती एखाद्या कादंबरीतही उद्धृत झालेली असते. उत्तर गाथा धरायचं की कादंबरी, हे आधी ठरलेलं नसेल तर भांडण नक्की.

आता बैठक. एका बैठकीला दहा ओळी पुरतात, साधारण सव्वा तास जातो. त्यात चार ओळी बहुतेकांनी वाचलेल्या पुस्तकांच्या, चार मधल्या आणि दोनच अवघड. दर पुस्तकाचे तीन उतारे काढा. पहिला बारा ते पंचवीस शब्दांचा, त्यात काळ किंवा जागा कळेल असा, त्याला तीन गुण. दुसऱ्यात माणसांमधलं नातं दिसावं, दोन गुण. तिसऱ्यात त्या पुस्तकाचीच अशी एखादी वस्तू किंवा प्रसंग, एक गुण. दर उताऱ्यानंतर दीड मिनिट चर्चा आणि दर माणशी एकच उत्तर. चुकीला गुण कापू नका, कापले की बुजरे लोक तोंडच उघडत नाहीत. पुस्तक चुकलं पण लेखक बरोबर असेल तर अर्धे गुण द्या. लेखकाची शैली ओळखणं हे चांगल्या वाचनाचंच लक्षण आहे.

पंधरा दिवस आधी चाळीस पुस्तकांची यादी जाहीर करा आणि ओळी त्यातूनच घ्या. यामुळे खेळ सोपा होतो असं वाटेल, पण यादीशिवाय ‘हे मी वाचलेलंच नाही’ म्हणत लोक गळतात. यादी असली की न वाचलेल्या पुस्तकाबद्दलही तर्क लढवता येतो. अनुवादित पुस्तकं घेतलीत तर यादीत अनुवादकाचं नाव आणि आवृत्ती लिहाच. एकाच पुस्तकाचे दोन अनुवाद असतील तर ओळी वेगळ्या असतात, आणि ज्याने दुसरा वाचलाय त्याच्यावर अन्याय होतो.

बैठकीआधी ओळी अशा दोघांना दाखवा जे खेळणार नाहीत. दोघांनी पहिल्याच उताऱ्याला सांगितलं तर ओळ बदला. दोघं तिसऱ्यालाही अडले तर तिसरा उतारा सोपा करा, पहिला तसाच राहू दे.

व्हॉट्सॲपवर खेळत असाल तर दोन गोष्टी पाळा. उत्तर गटात न टाकता खेळ घेणाऱ्याला खाजगीत पाठवायचं, नाहीतर पहिल्या उत्तरानंतर बाकीचे विचार करणं सोडून देतात. सकाळी ओळ, रात्री नऊला उत्तर, हे जमून जातं. दुसरं म्हणजे शोधाशोध. पुष्कळ मराठी पुस्तकं जालावर मजकूर म्हणून नाहीत, असलीच तर पानांच्या चित्रांच्या रूपात, त्यामुळे ओळ शोधून सापडेलच असं नाही. गाजलेली ओळ मात्र सापडते. तिथे ओळ टाइप न करता स्वतःच्या आवाजात वाचून पाठवा, म्हणजे कुणाला ती उचलून शोधता येत नाही. मात्र आवाजात अनुस्वार दिसत नाहीत, छपाईची खूण हातची जाते. ज्या ओळीची सगळी मजा जुन्या लेखनात आहे ती लिहूनच द्या आणि त्या दिवशी लोकांच्या सचोटीवर सोडा.

उत्तर जाहीर करताना पानाचा फोटो आणि त्या ओळीच्या पुढची दोन वाक्यंही द्या. पुस्तक न वाचलेले लोक ते मागून घेतात ते बहुतेक त्या दोन वाक्यांमुळे. म्हणून खेळ घेणाऱ्याने शक्य असेल तर त्या दिवशीची दहाही पुस्तकं सोबत आणावीत.