काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्याला लेदर फिनिश घ्यावं की पॉलिश?

तुमचा इंटिरियरवाला काळ्या ग्रॅनाइटला लेदर फिनिश (गुळगुळीत नाही, हाताला किंचित खरबरीत लागणारं) सुचवतोय, कारण त्यावर बोटांचे ठसे आणि पाण्याचे डाग दिसत नाहीत. तर ते घ्यावं की नेहमीचं पॉलिश, आणि वरून सीलर, म्हणजे दगडात डाग मुरू नयेत म्हणून लावायचं द्रावण, मारावा का, असं तुम्ही विचारलंय. ओटा पुसणार कोण, ते मात्र लिहिलेलं नाही.

आमच्याकडे मी पुसतो. बायको बँकेत आहे, शाखा लांब, त्यामुळे गेली 16 वर्षं सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे. पोळ्यांसकट. 2021 साली वाकडच्या घराचं स्वयंपाकघर नव्याने करून घेतलं, तेव्हा इंटिरियरवाल्याने मला एक प्रश्न विचारला असेल तर शपथ. मॅडम, ट्रॉल्या कशा हव्यात. मॅडम, मिक्सर कुठे ठेवता. माझ्याकडे वळायचा तो चेकच्या वेळी. ओट्याची उंचीसुद्धा मॅडमच्या कोपरावरून धरली, 32 इंच. मी 5 फूट 10 इंच आहे. रोज कणीक मळताना माझी कंबर त्याचं नाव घेते.

दगड बघायला मेहुणा सोबत आला. बोलावलं कुणी, हा वेगळा विषय. आमचा जुना ओटा काळ्या पॉलिशचाच होता, 20 वर्षांत त्याला काही झालं नव्हतं. कडेवर नारळ आपटून एक टवका उडाला होता तेवढाच, आणि आपटणारा मी नव्हतो. दुकानात मेहुण्याने लेदरच्या स्लॅबवरून हात फिरवला, बाजारात बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा, आणि म्हणाला, "दाजी, हात तर लावून बघा!" मी विचारलं, यावर शंकरपाळ्याची पोळी लाटता येईल का? दुकानदार हसला, इंटिरियरवाला हसला, मेहुणा तर हसलाच. बायकोही हसली, ते जास्त लागलं. "सर, लाटायला पोळपाट असतो ना." पाव किलो मैद्याचे शंकरपाळे करणाऱ्याला असतो. आम्ही दीड किलोचे करतो, आणि ती पोळी थेट ओट्यावरच लाटली जाते.

लेदर म्हणजे काय, तर स्लॅब आधी घासून सपाट करतात आणि मग त्यावर कडक ब्रश फिरवतात. दगडातले मऊ कण जास्त झिजतात, कडक कमी, म्हणून हाताला चढउतार लागतात. तेव्हा त्यात कणीक अडकते अशी तक्रार करण्यात अर्थ नाही, तिला बसायला जागा मुद्दाम करून दिलेली असते. पाटा गुळगुळीत झाला की आजी टाकीवालीला हाक मारून त्याला टाकी लावून घ्यायची. दगड खरबरीत कशासाठी करायचा हे तिला ठाऊक होतं. तिने ओट्याला टाकी लावून घेतली नसती.

शेवटी ओटा लेदरचाच बसला. पहिल्याच दिवाळीत भाऊबीजेला मेहुणा आला. बशीत शंकरपाळे घेऊन ओट्याला टेकला आणि म्हणाला, "बघा दाजी, वापरून सहा महिने झाले, एक डाग दिसत नाही." मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि फोन ओट्यावर आडवा ठेवला. तिरप्या उजेडात सगळं वर आलं: मैदा, फोडणीच्या तेलाचा चिकट थर, गॅसच्या बाजूला मोहरीचे दोन दाणे. मी त्याला म्हटलं, दिसत नाही, असतो. बायको म्हणाली, "अहो, आज भाऊबीज आहे." टॉर्च बंद केला, पण मुद्दा संपलेला नाही. पॉलिशवर घाण दिसते, म्हणून पुसली जाते, आणि एका फडक्यात निघते. लेदरवर मी आधी नायलॉनचा ब्रश मारतो, मग ओलं फडकं, मग कोरडं.

त्याच मेहुण्याने मागच्या वर्षी रावेतला फ्लॅट घेतला. ओटा पॉलिशचा. विचारलं तर म्हणाला, "हिला तोच हवा होता." म्हणजे तिथे विचारलं गेलं.

आता तुमचा इंटिरियरवाला अगदीच खोटं बोलत नाही, तेही लिहितो. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो, आणि तसलं जड पाणी काळ्या पॉलिशवर वाळलं की थेंबाथेंबाचा पांढरा ठिपका उमटतो. सिंकजवळ तर रांगोळीच. लेदरवर ते खरंच कमी दिसतं. रात्री कोरडं फडकं मारायची सवय नसेल किंवा ओट्यावर लाटणं-मळणं होतच नसेल, तर घ्या लेदर. चहा-नाश्त्याच्या काउंटरला तर शोभतंही. जास्तीचे पैसे जातात, आणि कडेचं बघा: मशीनचं लेदर स्लॅबच्या वरच्या बाजूला असतं, नोझिंग (ओट्याची पुढची कड) आणि सिंकच्या कापाची कड कारागीर हातमशीनवर करतो. दोन्ही जुळतातच असं नाही. आधी तुकड्यावर करून दाखवायला सांगा. आमची कड ओट्याहून काळी आहे.

सीलरचं म्हणाल तर दगडावर चमचाभर पाणी ओतून 10-15 मिनिटं थांबा. खाली गडद डाग पडला तर सीलर लागेल. घट्ट काळ्या दगडात सीलर मुरत नाही, वर धुरकट थर मात्र राहतो. फिकट दगडाची गोष्ट वेगळी, तिथे हळद आणि तेल दोन्ही आत जातात. स्लॅब उचलण्यापूर्वी पांढऱ्या कापसावर ॲसिटोन घेऊन एका कोपऱ्यात घासा. कापूस काळा झाला तर दगड रंगवलेला आहे, दुकानदार काहीही म्हणो.

आणि उंचीचं माप देताना रोज ओट्यापाशी जो उभा राहणार आहे त्याचं कोपर पुढे करा. आमच्या घरी ते अजून कुणी मोजलेलं नाही.